विरी गेलेले पीठ आणि वीर्य गेलेले चूर्ण

रुग्णाच्या आहाराची चौकशी करताना काय खाता, किती खाता आणि केव्हा खाता, हे तीन प्रश्न आपण वैद्य न चुकता विचारतो. गव्हाची पोळी की ज्वारी-बाजरीची भाकरी, हेही विचारतो. ते पीठ केव्हा दळले आणि कशात ठेवले, हा प्रश्न मात्र आम्ही इतक्या वर्षांच्या व्यवसायात क्वचितच विचारला असेल. तो न विचारल्यामुळे चिकित्सा कशी वाहवत जाते, हे मुळशी तालुक्यातील सूस येथील एका आजींनी आम्हांस शिकविले. त्यांनी दुसरीही एक गोष्ट शिकविली. ती आमच्या औषधालयाची असल्यामुळे सांगताना थोडा संकोच होतो. परंतु हा अंक औषधालये चालविणाऱ्यांच्याही हाती जातो, तेव्हा ती सांगितलीच पाहिजे.

सूस हे पाषाणच्या पलीकडे, मुंबई-बेंगळुरू महामार्ग ओलांडल्यावर लागणारे गाव. २०२१ साली ते अन्य गावांसमवेत पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. आज तेथे दोन गावे एकमेकांस लागून नांदतात. एका बाजूस गावठाण, जेथे अजून घरोघरी धान्याच्या कोठ्या आहेत. दुसऱ्या बाजूस बहुमजली इमारती, जेथे महिन्याचे पीठ दहा किलोच्या पिशवीतून उद्वाहनाने वर जाते. पिठाविषयीच्या तक्रारी दोन्हीकडच्या आहेत, केवळ त्यांचे स्वरूप निराळे आहे.

आजी गावठाणातल्या. मार्गशीर्षात त्या आमच्याकडे आल्या. अरुची, हृल्लास, जेवणानंतर घशाशी येणारी जळजळ आणि तोंडाला कडवटपणा, अशी लक्षणे. वय सत्तरीपुढचे, अग्नी मंद, काळ हेमंताचा. आम्ही अम्लपित्ताचे निदान केले, सूतशेखर आणि भोजनापूर्वी अविपत्तिकर चूर्ण दिले, तिखट-तळलेले वर्ज्य करावयास सांगितले आणि हिवाळ्यात पथ्यकर म्हणून बाजरीची भाकरी तुपाबरोबर चालू ठेवण्यास अनुमोदनही दिले. तीन आठवड्यांत काडीचा फरक पडला नाही. चौथ्या भेटीत आम्ही पुन्हा तोंडाच्या कडवटपणाविषयी खोदून विचारू लागलो, तेव्हा आजी कंटाळून म्हणाल्या, "डाक्टर, तोंड कडू न्हाय. भाकर कडू हाय."

सोबत आलेल्या सूनबाईंनी मग सारा उलगडा केला. गावातली गिरणी काही महिन्यांपासून बंद होती. दळण घेऊन पाषाणपर्यंत जावे लागे, म्हणून एका खेपेस दीड महिन्याची बाजरी दळून आणली होती. आमच्या विनंतीवरून त्यांनी दुसऱ्या दिवशी वाटीभर पीठ आणून दाखविले. रंगाने ते ठीक होते, जाळी नव्हती, किडा नव्हता. परंतु तळहातावर चिमूटभर घेऊन कोमट पाण्याचे चार थेंब टाकून चोळताच उंदराच्या बिळासारखा जो दर्प आला, त्याने आमचे निदान एका क्षणात निकाली काढले. आम्ही ज्याला तिक्तास्यता म्हणून नोंदविले होते, ती पिठाची चव होती.

येथे मराठी गृहिणींच्या तोंडचा एक शब्द मुद्दाम नोंदवितो. जुन्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापताना कडा फाटतात, परातीतून उचलताना ती मोडते. अशा वेळी "पिठाची विरी गेली" असे म्हणतात. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा, त्याची बांधून राहण्याची शक्ती. हा शब्द ऐकताना आपणां वैद्यांस वीर्य शब्द आठवल्यावाचून राहत नाही. व्युत्पत्तीचा निर्णय भाषापंडितांनी करावा. अर्थाच्या दृष्टीने मात्र ज्वारीच्या पिठाविषयी खेडोपाडीची गृहिणी जे बोलते, तेच शार्ङ्गधराचार्य चूर्णाविषयी सांगतात.

आता एक घोटाळा दूर केला पाहिजे, कारण तो काही अंशी आपणच निर्माण केला आहे. नवे धान्य गुरू आणि अभिष्यंदी, तर वर्षभर जुने धान्य लघू आणि पथ्यकर, असे आपण रुग्णांस सांगत आलो आहोत, आणि ते सशास्त्र आहे. औषधे नवी वापरावीत असे सांगताना शार्ङ्गधराने जे अपवाद नोंदविले, त्यांत वावडिंग, पिंपळी, गूळ, तूप आणि मध यांच्या पंक्तीस धान्यही बसविले आहे. परंतु हा जुनेपणा अखंड दाण्याचा आहे. दाणा म्हणजे बंद घर: त्याचे टरफल शाबूत, त्यातील अंकुर निद्रिस्त, तेल एका कप्प्यात आणि ते तेल फोडणारी द्रव्ये दुसऱ्या कप्प्यात. जात्याचा किंवा गिरणीचा पहिला फेरा बसताच सर्व भिंती पडतात. त्या क्षणापासून पिठाचे निराळे आयुष्य सुरू होते आणि ते दाण्याच्या आयुष्याच्या मानाने फारच अल्प असते. इमारतीतील एका सुशिक्षित भगिनींनी आम्हांस सांगितले, की आपण जुने धान्य चांगले म्हणता म्हणून मी पीठही जरा जुने करूनच वापरते! आमच्या अर्धवट उपदेशाचे हे फळ.

आपल्या पूर्वजांनी हा भेद कधी विसरला नव्हता. सांगलीजवळील हरिपूर येथील हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. जमिनीत खोल खणलेल्या त्या कोठारांत हळकुंडे वर्षानुवर्षे टिकत. तोंड बंद केल्यावर आतील प्राणवायू संपत जाई आणि कीड जगत नसे. २००५ च्या महापुरात यांतील अनेक पेवांची हानी झाली. पेवात जात असे ते अख्खे हळकुंड, दळलेली हळद नव्हे. घरातील कणगीतही धान्यच असे. एरंडेल चोळलेला गहू, कडुलिंबाचा पाला घातलेली डाळ, बिब्बे टाकून ठेवलेले धान्य, ही सारी तजवीज दाण्यासाठी होती. पिठासाठी एकच तजवीज होती: रोज पहाटे हवे तेवढेच दळणे. जात्यावरचे कष्ट परत यावेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु जाते गेले तेव्हा ताजे पीठही गेले, आणि त्या जागी काय आले याकडे आपले लक्ष गेले नाही.

पिठात नेमके काय घडते? भरडल्यावर दाण्यातील स्नेहांश उघडा पडतो. दाण्यातलीच लायपेज नावाची द्रव्ये त्याचे विघटन करून मुक्त स्नेहाम्ले निर्माण करतात. पुढे हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन खवटपणा येतो. जेथे स्नेह अधिक, तेथे हा प्रकार त्वरेने होतो. बाजरीत स्नेह सुमारे ५ टक्के, गव्हाच्या कणकेत दीड ते दोन टक्के, सडलेल्या तांदळात त्याहूनही बराच कमी. त्यातच बाजरीतील लायपेज फार तीव्र. म्हणून तांदळाचे कोरडे पीठ महिना-दोन महिने निभावते, चक्कीवरची कणीक पुण्याच्या उन्हाळ्यात तीन-चार आठवडे, आणि बाजरीचे पीठ आठवडाभरात कडवटपणाकडे झुकते. आजींच्या घरी ते दीड महिन्यासाठी दळले होते. २०२३ हे वर्ष जगभर पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हापासून शहरातील अनेक घरांत भरडधान्यांची तयार पिठे पाकिटांतून येऊ लागली. हेतू स्तुत्य आहे. पण मधुमेही किंवा स्थूल रुग्णास बाजरी-नाचणी सुचविताना दाणे आणून थोडे थोडे दळा, एवढे चार शब्द वैद्याने जोडावेत.

भाजणीचे मर्म येथेच आहे. धान्ये व डाळी खमंग भाजल्या म्हणजे ओलावा निघून जातो आणि वर उल्लेखिलेले लायपेज निष्प्रभ होते. भाजून दळलेली भाजणी, मेतकूट, सातू ही पिठे कच्च्या पिठाहून कितीतरी अधिक टिकतात ती यामुळे. संहितांत सक्तूंना प्रवासातील आहाराचे जे स्थान आहे, त्याचेही कारण यात दिसते. बाजरीचे दाणे उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून, कडक वाळवून मग दळले तर पीठ उशिरा कडू होते, असे अलीकडील प्रयोगांत दिसून आले आहे, तत्त्व तेच. अर्थात भाजणीही अमर नव्हे. ओवा, धने, जिरे यांचा गंध आधी जातो आणि काही महिन्यांनी तिलाही खवट वास येतो.

बिघडलेले पीठ ओळखावे कसे, असा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. उत्तर आपल्याच परीक्षापद्धतीत आहे. पहिला मान गंधाचा. डबा उघडताच तोंड आत घालून वास घेऊ नये. बंद डब्यात कोंडलेल्या हवेने फसगत होते, शिवाय बुरशी असल्यास ती श्वासावाटे आत जाते. चमचाभर पीठ वाटीत घेऊन त्यावर गरम पाणी ओतावे, दोन मिनिटे झाकावे आणि मग झाकण काढून वास घ्यावा. ताज्या कणकेला गोडसर, धान्याचा वास येतो. जुन्या तेलाचा, रंगाचा किंवा ओल्या गोणपाटाचा वास आल्यास निर्णय झाला. वृद्धांत, धूम्रपान करणाऱ्यांत आणि जीर्ण प्रतिश्यायात गंधज्ञान मंदावलेले असते. अशा घरी परीक्षा घरातील तरुण व्यक्तीकडून करवावी. आमच्या आजींची जीभ शाबूत होती, हे त्यांचे भाग्य. आम्ही मात्र तिच्यावर अविश्वास दाखविला.

स्पर्शाची परीक्षा मुठीने होते. मूठभर पीठ दाबून सोडले असता सुटे व्हावे. गोळा तसाच राहिला तर ओलावा शिरला आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने गव्हाच्या आट्यात आर्द्रतेची मर्यादा १४ टक्के ठरविली आहे, आणि मद्यार्कात विरघळणाऱ्या आम्लतेची ०.१८ टक्के. ही दुसरी मर्यादा म्हणजे पिठाच्या जुनेपणाचे मोजमापच होय. प्रयोगशाळा घरी नसते, परंतु मूठ आणि नाक असते. डब्याच्या कडेस किंवा तळाशी खडे झालेले, हिरवट, काळसर अथवा करडे ठिपके दिसणारे पीठ चाळून वापरण्याची सवय मात्र घातक आहे. चाळणीत अडकतो तो बुरशीचा दिसणारा भाग. खाली पडलेल्या पिठात काय उतरले आहे, ते चाळणीस कळत नाही.

किडीविषयी थोडे विस्ताराने लिहितो. सोंडे किडे अख्ख्या दाण्यात वाढतात. पिठात दिसणारे तांबूस, चपटे, चपळ भुंगेरे निराळे. ते पिठातच अंडी घालतात आणि संख्या वाढली की क्विनोन वर्गातील उग्र द्रव्ये सोडतात. त्यामुळे पिठास गुलाबीसर छटा आणि झोंबणारा वास येतो, मळताना कणीकही तुटते. पिठात धाग्यांसारखी जाळी आढळली तर ते पतंगाच्या अळीचे काम. सुरुवातीची लागण डोळ्यांस दिसत नाही, त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. रात्री ताटात पीठ पसरून पृष्ठभाग वाटीच्या बुडाने गुळगुळीत करावा. सकाळी त्यावर बारीक रेषा उमटल्या असतील तर आत वस्ती आहे. आमच्या वाचकांस अधिक रस वाटेल तो एका तिसऱ्या किड्यात. इंग्रजीत त्याचे प्रचलित नाव ड्रगस्टोअर बीटल, म्हणजे औषधी दुकानातला भुंगेरा. शास्त्रीय नाव स्टेगोबियम पॅनिसियम, आणि त्यातील दुसरे पद लॅटिनमधील भाकरीवाचक शब्दावरून आले आहे. हा एकच प्राणी घरी कणकेत आणि आपल्याकडे अश्वगंधेत राहतो.

पीठ खराब झाले म्हणून काय मोठेसे बिघडते, असे कोणी म्हणेल. खवट पिठाने आजींना झाला तेवढाच त्रास होतो: मळमळ, जळजळ, अन्नद्वेष. बुरशीची गोष्ट निराळी आहे. १९७४ साली अवकाळी पावसात भिजलेला मका खाल्ल्याने गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानमधील बांसवाडा या जिल्ह्यांत कावीळ आणि जलोदराची साथ उद्भवली. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. त्या घरांतील कुत्रीही तशाच रोगाने मेली, कारण तीही त्याच भाकरीवर जगत होती. दोष ॲफ्लाटॉक्सिन नामक बुरशीजन्य विषाचा होता. हे विष भाजण्या-शिजवण्याने नाहीसे होत नाही, हे ध्यानी घ्यावे. तव्यावर भाकरी करपली तरी ते बहुतांशी टिकून राहते. १९९५ साली आपल्याच दख्खनच्या पठारावर, आंध्र आणि कर्नाटकातील काही गावांत, पावसात काळवंडलेल्या ज्वारी-मक्याच्या भाकरीने पोटदुखी, गुडगुड आणि अतिसाराची साथ आली. तेथे दोषी ठरले ते फ्युमोनिसिन हे दुसरे बुरशीविष. ते धान्य सोडताच रुग्ण बरे झाले. यकृताच्या विकारात किंवा हट्टी अतिसारात, विशेषतः एकाच घरातील तिघेचौघे एकदम आजारी असताना, धान्याच्या कोठीत डोकावणे हा निदानपंचकाचाच भाग मानावा.

महाराष्ट्रात याचे जवळचे उदाहरण भगरीचे. वरईचे तांदूळ लघू म्हणून आपण उपवासास आणि आजारपणानंतरच्या पथ्यास सुचवितो. श्रावण ते नवरात्र हा तिचा हंगाम, आणि हवेतील ओलाव्याचाही. ओलसर हवेत तिच्यावर ॲस्परजिलस जातीच्या बुरशीची वाढ होऊन फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्ये निर्माण होतात, म्हणून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने अनेकदा सणांच्या तोंडावर सूचना काढल्या आहेत: भगर सुटी न घेता पाकीटबंद आणि मुदतीतील घ्यावी, निवडून-धुऊन वापरावी, आणि भगरीचे तयार पीठ विकत न घेता लागेल तेवढेच घरी दळावे. पीठ दाण्याहून लवकर ओलावा ओढते, हेच कारण. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात एकादशीस भगर-आमटीचा प्रसाद घेतलेले शेकडो भाविक उलट्या-जुलाबांनी आजारी पडले, आणि झाडांना दोर बांधून त्यांवर सलाइनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. ती छायाचित्रे अनेक वाचकांना स्मरत असतील. उपवासाच्या दिवशी चक्कर, उलटी, कंप घेऊन येणाऱ्या रुग्णास आपण पित्तप्रकोप म्हणून मोकळे होतो. त्याने काय खाल्ले आणि ते पीठ कोठून आणले, हे आधी विचारावे.

साठवणीचे नियम थोडेच आहेत. गिरणीतून आलेले पीठ गरम असते. ते तसेच डब्यात कोंडले तर आत बाष्प धरते. म्हणून पातळ फडक्याखाली पूर्ण निवू द्यावे आणि मगच झाकण लावावे. जुन्या पिठावर नवे ओतू नये. डब्याच्या तळाशी राहिलेले वाटीभर पीठ हे पुढच्या सर्व पिठाचे विरजण असते. डबा रिकामा करावा, पुसावा, उन्हात तापवावा, मग भरावा. शेगडीशेजारची आणि मोरीच्या भिंतीलगतची जागा टाळावी. शीतकपाटात ठेवल्यास पीठ दीर्घकाळ टिकते, मात्र भांडे हवाबंद असावे आणि बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानास आल्यावाचून उघडू नये. अन्यथा थंड पिठावर हवेतील बाष्प जमते. धान्यात ठेवावयाच्या पारदाच्या टिकड्या आणि चोळावयाची बोरिक पावडर यांची पिठाशी गाठ पडता कामा नये. असे धान्य धुऊन-वाळवूनच दळावे. धान्य धुरावण्याच्या विषारी गोळ्यांविषयी तर बोलावयासच नको. त्यांनी घरेच्या घरे दगावली आहेत.

आता आमच्या औषधालयाची गोष्ट. बाजरीचे ते पीठ आम्ही बाजूस ठेवले, सूनबाईंना आठवड्यापुरतेच दळण आणण्यास सांगितले, आणि काहीशा समाधानाने आजींकडे पाहिले. आजींनी मात्र मेजावरील अविपत्तिकराच्या बरणीकडे बोट केले. "आन् ह्ये कवा दळलंया?"

उत्तर आमच्याजवळ नव्हते. बरणीवर नाव होते, तारीख नव्हती. कच्च्या मालाची पावती शोधली तेव्हा ते चूर्ण श्रावणात कुटल्याचे कळले; म्हणजे चार महिने उलटून गेले होते, आणि त्यातील दोन भर पावसाचे. चमचा घातला तो कडेस खडे लागले. अविपत्तिकरात साखर आहे, बिडलवण आहे. दोन्ही हवेतील पाणी ओढतात. लवंग-वेलदोड्याचा जो गंध झाकण उघडताच यावयास हवा, तो शोधावा लागला. तीन आठवडे आम्ही त्या बाईंना बिघडलेल्या पिठावर वीर्यहीन चूर्ण देत होतो, आणि गुण येत नाही म्हणून मात्रा वाढविण्याच्या विचारात होतो.

चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, गुटी व अवलेह वर्षानंतर, हे शार्ङ्गधराचे वचन आपण विद्यार्थिदशेतच पाठ केलेले असते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम १६१-ब अन्वये मात्र चूर्णाची मुदत दोन वर्षे आहे. या दोन आकड्यांवरून चर्चासत्रांत वाद होतात. आमच्या मते वाद अनाठायी आहे. शासनाची मुदत सीलबंद पाकिटाची आहे. शार्ङ्गधरासमोर मातीचे किंवा काष्ठाचे भांडे होते आणि ते रोज उघडले जात होते. औषधनिर्मात्यांनी आधुनिक वेष्टनाच्या बळावर दोन वर्षांची हमी द्यावी, त्यात गैर नाही. परंतु किलोचे पाकीट फोडून आपण बरणीत ओतले, की पाकिटावरील तारीख पाकिटाबरोबर कचऱ्यात जाते. त्यानंतर आपली बरणी शार्ङ्गधराच्या काळात येते. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या वैद्यास कायद्याने परवान्यातून सूट दिली आहे. त्यामुळे त्याच्या बरणीवर तारीख घालावयास लावणारा अधिकारी कोणी येत नाही. औषधालयाच्या मालकांनाही ठाऊक आहे की तपासणी होते ती पाकिटांची, सुट्या पुड्यांची नव्हे.

सर्व चूर्णे एका वेगाने बिघडत नाहीत. भारतीय आयुर्वेदिक योगसंग्रहात चूर्ण ८० क्रमांकाच्या चाळणीतून उतरणारे असावे, ओलसर किंवा गोळा झालेले नसावे, असे सांगितले आहे. जितके सूक्ष्म तितके गुणकारी, हे खरे. पण जितके सूक्ष्म तितके उघडे, हेही खरे. हिरडा-बेहड्यासारखी कषाय द्रव्ये पुष्कळ सोशिक असतात. लवंग, वेलदोडा, दालचिनी, ओवा यांचा प्राण उडून जाणाऱ्या तेलात असल्याने ती रूपाने जशीच्या तशी राहून आतून रिती होतात. हिंग्वष्टकाचा वास दुकानाच्या दारापर्यंत येतो तेव्हा मालकास अभिमान वाटतो. वस्तुतः तेवढा गुण बरणीतून बाहेर गेलेला असतो. बावची आणि जवस यांसारखी स्नेहयुक्त बीजे बाजरीच्या मार्गाने जातात. अश्वगंधा, शतावरी, विदारी यांतील पिष्टांश किड्यांना कणकेइतकाच प्रिय. लवणभास्कर, सितोपलादी यांचे दुखणे पाण्याचे. वावडिंग-पिंपळी जुनी चांगली हे खरे, तीही अख्खी.

त्या दिवसापासून आम्ही काही बदल केले. बरणीवर कुटल्याची आणि उघडल्याची अशा दोन तारखा लाल पेन्सिलीने लिहितो. अश्वगंधा, शतावरी आणि ओव्यासारखी सुगंधी द्रव्ये अख्खी ठेवून दर आठवड्यास लहान यंत्रावर कुटतो. ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत मोठ्या बरण्या बंद, शंभर ग्रॅमच्या लहान बाटल्या चालू. एक संपल्यावाचून दुसरी उघडत नाही. काउंटरवरचा तो एकच सामायिक चमचा काढून टाकला, कारण तो दिवसभर सर्व बरण्यांत फिरे आणि प्रत्येक वेळी आदल्या बरणीचे काही तरी घेऊन जाई. दोन महिन्यांनंतर उरलेले चूर्ण टाकून देताना प्रथम जिवावर आले. हिशेब पाहता, कमी कुटू लागल्यावर टाकण्याची वेळच फारशी येईनाशी झाली. यंत्राचा आवाज होतो, मदतनीस कुरकुरतो, आणि पुडी बांधून घेण्यास घाई झालेला रुग्ण दहा मिनिटे थांबावयास तयार नसतो. या अडचणी आहेत.

आजींची जळजळ ताजे पीठ सुरू झाल्यावर चार दिवसांत थांबली. नवे अविपत्तिकर त्यांना द्यावेच लागले नाही. पौषात त्या गुडघ्यासाठी पुन्हा आल्या, तेव्हा बरणीवरची तारीख त्यांनी नातवाकडून वाचून घेतली आणि मगच पुडी हातात घेतली.

एक प्रश्न आमच्याकडून सुटलेला नाही. सितोपलादीतील खडीसाखर वेगळी ठेवून ऐनवेळी मिसळली, तर पावसाळ्यात चूर्ण कोरडे राहते. पण प्रत्येक पुडीत प्रमाण सारखे साधत नाही, आणि खडीसाखर आधीच्या घोटण्यात जशी एकजीव होते तशी होत नाही. वंशलोचन, पिंपळी, वेलची व दालचिनी यांचे मिश्रण आणि साखर अशा दोन बाटल्या रुग्णाच्या हाती देऊनही पाहिले; रुग्ण पहिली विसरतो आणि दुसरी मुलांना देतो. कोकणपट्टीत आणि घाटमाथ्यावर व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधूंनी यावर काही तोड काढली असल्यास ती या पृष्ठांतून अवश्य कळवावी.